लॅब्रॉडॉरला शिकवायला पुण्याला ठेवावं, ट्रेनर घरी बोलवावा की आपणच शिकवावं?

आगरातली वहिनी, गुहागर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे, पण घरची परिस्थिती कळल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडे ब्रूनो नावाचा लॅब्रॉडॉर आहे. वय अकरा महिने, वजन 29 किलो. मूळचा माझ्या दिरांचा. ठाण्याला फ्लॅटमध्ये घेतला, दोघंही नोकरीला, बिचारा दिवसभर बाल्कनीत. गणपतीला गावी आले तेव्हा त्याला आमच्याकडेच ठेवून गेले. आता तो आमचाच आहे आणि परत जावा असं घरात कोणालाही वाटत नाही, सासूबाईंनाही नाही. त्यामुळे "देऊन टाका" हा सल्ला कृपया नको.

घर खालच्या पाटात, म्हणजे गुहागरच्या एका वस्तीत. रस्त्यापासून समुद्राकडे लांबत गेलेलं आगर, नारळ-पोफळी, मागचं बेडं, म्हणजे फाटक, ओलांडलं की सुरूचं बन आणि पुढे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणाखाण्यासकट. म्हणजे दर शनिवार-रविवारी दारात नवी माणसं, नवी मुलं, नव्या गाड्या.

ब्रूनो चावरा नाही. उलट प्रत्येक माणूस आपल्यालाच भेटायला आलाय अशा आनंदाने तो धावत सुटतो आणि दोन्ही पाय छातीवर टाकतो. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकचं कुटुंब आलं होतं. त्यांची चार वर्षांची मुलगी गाडीतून उतरत होती, हा गेला आणि ती चिऱ्याच्या पायरीवर पडली. गुडघा सोलवटला. माणसं भली होती, काही बोलली नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पायरीची कड कपाळाला लागली असती तर?

दुसरं म्हणजे पट्ट्याला ओढतो. हे बरोबर असले तर निभतं. सासूबाई 68 वर्षांच्या, त्यांच्या हातात पट्टा देणं म्हणजे त्यांना पाडणंच. आणि मोकळा सोडला की बोलावून येत नाही. समोर वाळत घातलेली मासळी असली तर मी कोण, माझं नाव काय, सगळं विसरतो. एका कोळीणबाईंची टोपलीभर सुकट त्याने सांडली, वर त्यात लोळला. भरपाई दिली, पण ती बाई आमच्या रोजच्या ओळखीची, तिच्या मेहनतीचं नुकसान झालं ते झालंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. आता कासवांचे दिवस सुरू होतील. आमच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. 2023 साली बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलं ते याच पुळणीवरून. कासवमित्र पहाटे पायांच्या खुणा बघत फिरतात, घरटं सापडलं की अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. पण त्यांच्या आधी कुत्रा पोचला तर घरटं उकरून मोकळा. ब्रूनोला खड्डे उकरायचं वेड आहे. आमच्या कुत्र्याने घरटं फोडलं असं मला ऐकायचं नाही.

आता पर्याय. पुण्याजवळ एक केनेल आहे, ते कुत्रा दोन महिने ठेवून घेतात आणि "पूर्ण ट्रेन करून" परत देतात. खर्च 40 हजार, दर आठवड्याला व्हिडिओ पाठवणार. चिपळूणचा एक मुलगा आठवड्यातून दोनदा घरी यायला तयार आहे, महिन्याला 9 हजार आणि जाण्यायेण्याचं वेगळं. आणि आमच्या यांचं म्हणणं, आजोबांच्या वेळेपासून या घरात कुत्री आहेत, कोणत्या कुत्र्याने क्लास केला होता? मोबाइलवर व्हिडिओ बघू आणि शिकवू. मी बघितले व्हिडिओ. एक म्हणतो खाऊ द्या, दुसरा म्हणतो खाऊ दिलात तर कुत्रा डोक्यावर बसेल, त्याला जमिनीवर दाबून धरा आणि मालक कोण ते दाखवा. मला त्याला दाबून धरायचं नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

---

पेठकिल्ला, रत्नागिरी

वहिनी, शिकलेल्या माणसाची मदत घ्याच, एवढं मी ठामपणे सांगेन. आमची जर्मन शेफर्ड मादी दुसरं कुत्रं दिसलं की उसळायची. भाऊ रोज व्हिडिओ बघून शिकवायचा, अंगणात सगळं यायचं, रस्त्यावर शून्य. मग रविवारी सकाळी मैदानावर सातआठ कुत्र्यांचा एकत्र वर्ग असायचा तिथे न्यायला लागलो. ट्रेनरने पहिल्या दिवशी कुत्रीकडे बघितलंच नाही, भावाच्या हाताकडे बघत राहिला. समोरून कुत्रं येतंय म्हटल्यावर भावाची मूठ आपोआप आवळायची, पट्टा ताणला जायचा आणि आमची मादी तेवढ्यावरून ओळखायची की काहीतरी बिनसलंय. पट्टा सैल ठेवून बाजूने वळसा घालायला शिकवलं. हे व्हिडिओ सांगू शकत नाही, कारण व्हिडिओला तुमचा हात दिसत नाही.

केनेलमध्ये ठेवण्याबद्दल मात्र जपून. आमच्या ओळखीच्या एकांचा रॉटवायलर असाच एका मोठ्या शहरात दीड महिना ठेवला होता. परत आला तो शिट्टीवर बसायचा, आडवा व्हायचा, सगळं व्यवस्थित. पण घरात केर काढायला कोणी केरसुणी उचलली की टेबलाखाली जाऊन थरथरायचा. आधी असं कधी नव्हतं. तिथे काय झालं ते कोणालाच कळलं नाही, व्हिडिओत तर सगळं छान दिसायचं.

---

रापणकार, मालवण

आमचो खंड्या गावठी. तेका कोणी कायेक शिकवूक नाय. रापण ओढताना बाजूक बसान रवता, मासो उचलणा नाय. कारण पयल्यापासून तेचो वाटो तेका रापण झाल्यावरच गावता, तेच्या आदी कधीच नाय.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तुमच्या यांचं म्हणणं मला पटतं, आपल्याकडची कुत्री वाडीत वावरूनच शहाणी होतात. खंड्या पिल्लू असल्यापासून माणसं, होड्या, बाजार, शिमग्याचे ढोल सगळं बघत वाढला. तुमच्या ब्रूनोचं ते वय बाल्कनीत गेलं, त्यामुळे त्याची खंड्याशी तुलना करू नका, त्याच्यावर अन्याय होईल.

आणखी एक. लॅब्रॉडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडे होते. जाळी ओढायला मदत करायची, सुटलेला मासा पाण्यातून आणायचा, हे त्यांचं काम. मासळी बघून तो वेडा होतो यात नवल नाही, रक्तातच आहे. त्याला तोंडात धरून आणायचं काहीतरी काम द्या. आगरात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पडलेली असतात ना? ती एकेक उचलून ढिगाशी आणायला शिकवा. दमेल, खूश राहील, आणि सुकटीपासून लांब राहील.

---

आगरातली वहिनी, गुहागर

रापणकार दादा, सोडणांची कल्पना फार आवडली, आजच सुरू करते. आणि बाल्कनीबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं, खरं आहे ते.

पण ते "मालक कोण ते दाखवा" याचं काय? आमच्याकडे आलेल्या दोन पाहुण्यांनीही तेच सांगितलं. कुत्रे लांडग्यांपासून आलेत, टोळीचा म्होरक्या व्हा, आधी तुम्ही जेवा मग त्याला द्या, दारातून आधी तुम्ही जा. यात तथ्य आहे का?

---

निवृत्त हँडलर, देवगड

ताई, मी जिल्हा पोलिसांच्या श्वान पथकात हँडलर होतो. नोकरीचा बराचसा काळ कुत्र्यांबरोबरच गेला आणि निवृत्तीनंतर वाचायलाही वेळ मिळाला. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी म्होरक्याचं बघू. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांबद्दल लिहिलं, तिथून ही कल्पना पसरली. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले तर भांडणारच. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानेही ती कल्पना आधी उचलून धरली होती. त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. तिथे म्होरकेपणासाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. तेव्हा ब्रूनोला दाबून धरायची काही गरज नाही. तुम्हाला ते नकोसं वाटलं, ते बरोबरच वाटलं. असं दाबून धरलेलं कुत्रं गप्प होतं, कारण ते घाबरलेलं असतं. घाबरलेलं कुत्रं एक दिवस दात दाखवतं, आणि तुमच्या घरात लहान मुलं येतात.

आता मुख्य प्रश्न. पुण्याला पाठवू नका.

पथकात कुत्रा एकटा ट्रेनिंगला जात नाही. हँडलर बरोबर जातो, दोघं एकत्र शिकतात, एकत्र परत येतात. जोडीला दुसरा हँडलरही तयार करतात, कारण पहिला रजेवर गेला तर कुत्र्याने कोणाचं ऐकायचं? सरकार दोन-दोन माणसं महिनोन् महिने ट्रेनिंगला गुंतवून ठेवतं, ते उगीच नाही. कुत्रं हुकूम शिकतं ते माणसाबरोबर, त्या जागेबरोबर, त्या वेळेबरोबर शिकतं. मैदानावर मान न हलवता बसून राहणारा कुत्रा मी पहिल्यांदा देवगडच्या जेटीवर लिलावाच्या वेळी नेला तेव्हा "बस" हा शब्द त्याने जणू कधी ऐकलाच नव्हता. बर्फाचे खोके सरकतायत, बांगड्याच्या टोपल्या, मांजरं, माणसांचा आरडाओरडा. तो ऐकत नव्हता असं नाही, त्या गोंधळात "बस" म्हणजे काय ते त्याला नव्याने शिकायचं होतं. लांब कोपऱ्यात उभं राहून सुरुवात केली, रोज थोडं जवळ. जमलं.

तुमच्याकडे तेच होणार. पुण्याच्या केनेलमध्ये तो त्या माणसाबरोबर, त्या शेडमध्ये शिकेल. तिथे ना सुरूचं बन, ना सुकट, ना गाडीतून उतरणारी मुलं. दोन महिन्यांनी गुहागरला उतरेल आणि तुम्ही पट्टा धराल तेव्हा तुम्हाला काय करायचं ते माहीत नसेल आणि त्याला तुम्ही काय म्हणताय ते कळणार नाही. 40 हजार गेले.

अजून एक गोष्ट त्याच्या वयाची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लॅब्रॉडॉरही होते. पाच महिन्यांचा असताना जो कुत्रा आपल्या माणसाच्या सांगण्यावर बसायचा, तो आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकायला लागला, परक्या माणसाचं मात्र ऐकायचा. वयात येताना होतं ते, पुढे निवळतं. त्यामुळे चिपळूणच्या मुलाचं ब्रूनोने पटकन ऐकलं आणि तुमचं नाही, तर "माझ्याच्याने होणार नाही" असं ठरवून टाकू नका.

त्या मुलाला बोलवा. पण त्याने कुत्र्याला शिकवायचं नाही, तुम्हाला शिकवायचं. पहिल्या दहा मिनिटांनंतर पट्टा तुमच्या हातात हवा, तो बाजूला उभा राहून बघणार आणि सांगणार. पैसे ठरवायच्या आधी त्याला दोन गोष्टी विचारा. कुत्र्याने बरोबर केलं की तू काय देतोस, आणि चुकलं की काय करतोस? दुसऱ्या प्रश्नाला तो पट्ट्याचे झटके, काटेरी कॉलर, करंटची कॉलर असलं काही म्हणाला तर चहा देऊन परत पाठवा. करंटच्या कॉलरवर वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे. आपल्याकडे ट्रेनर असा बोर्ड कोणीही लावू शकतो, त्यामुळे विचारपूस आपणच करायची.

आता कामाचं. तुमच्या घराला सगळ्यात जास्त गरज आहे ती बोलावल्यावर येण्याची. मुलांसाठी, कासवांसाठी, कोळीणबाईंच्या मासळीसाठी, सगळ्यासाठी. बाकी मागाहून आलं तरी चालेल.

होड्यांचं सामान मिळतं तिथून बोटभर जाडीची हलकी दोरी दहा मीटर घ्या. गाठी नकोत, सुरूच्या मुळांत अडकतात. गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, अंगावर घालायचा हार्नेस घ्या आणि पाठीवरच्या कडीला लावा, धावत जाऊन दोरी संपली तर मानेला हिसका बसता कामा नये. हातात मोजे घाला, 29 किलोचा कुत्रा सुटला तर दोरीने तळवा भाजतो. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन नखाएवढं तुकडे करून. मीठ न लावलेली सुकट मिळाली तर फारच छान, तिचा वास त्याला हवाच आहे. खारवलेला मासा नको.

सुरुवात आगरात करा, पुळणीवर नाही. तो दोन पावलांवर असताना आनंदाने "ब्रूनो, ये" म्हणा आणि दोन पावलं मागे सरका. आला की लगेच तुकडा, मग गळ्यातल्या पट्ट्याला हात लावायचा, मग दुसरा तुकडा, आणि परत मोकळा सोडायचा. पट्ट्याला हात लावणं विसरू नका. पुष्कळ कुत्री हाताच्या अंतरावर येऊन थांबतात आणि पकडायला गेलं की पळतात, ते त्यामुळेच टळतं. एकदाच हाक मारायची. नाही आला तर पुन्हा पुन्हा ओरडायचं नाही, दोरी हळूच आत घेत जवळ जायचं. आणि एक पथ्य घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, आल्यावर कधीही रागवायचं नाही, आल्याआल्या बांधायचंही नाही. सुकट सांडून आला तरी नाही. आलो की ओरडा बसतो असं त्याला कळलं तर पुढच्या वेळी तो येईल कशाला?

आगरात दहापैकी नऊ वेळा यायला लागला की बेड्याबाहेर, मग सुरूच्या बनात, मग ओहोटीच्या वेळी रिकाम्या पुळणीवर, शेवटी मासळी वाळत असेल तिथून लांबवर. प्रत्येक नव्या जागी पुन्हा दोन पावलांपासून. एका वेळी पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीनदा. कासवांच्या दिवसांत मात्र कितीही शिकला तरी पुळणीवर दोरी सोडायची नाही, पहाटे तर नेऊच नका.

अंगावर उडी मारण्याचं सोपं आहे, पण चिकाटी लागते. पाहुणे यायच्या वेळी त्याला पडवीत बांधा, गाडीतून सगळं सामान उतरू द्या, मग पट्ट्यावर आणा. चारी पाय जमिनीवर असतील तोवर लाड, पाय उचलले की सगळ्यांनी पाठ फिरवायची. एका पाहुण्याने "असू दे हो, आम्हाला आवडतं" म्हणून उडी मारू दिली की आठवड्याची मेहनत गेली. पाहुण्यांना हे आधीच सांगा, अगदी बुकिंगच्या फोनवर.

सासूबाईंच्या हातात पट्टा देऊ नका. पण त्याची जेवणाची थाळी त्यांनी द्यायची. तो बसला की थाळी खाली, उठला की थाळी वर, न बोलता. बसून जेवायची सवय लागेपर्यंत तो त्यांचं इतकं ऐकायला लागेल की तुम्हाला आश्चर्य वाटेल. सगळ्यांनी शब्द एकच ठेवा. कोणी "बस", कोणी "सिट", कोणी "खाली" असं नको.

---

गुरांचा डॉक्टर, दापोली

हँडलर साहेबांनी उत्तम लिहिलंय. मी वैद्यकीय बाजू सांगतो, कारण "ऐकत नाही" म्हणून माझ्याकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी काही खरोखरच दुखण्यात असतात.

ट्रेनिंग सुरू करायच्या आधी कान तपासून घ्या. लॅब्रॉडॉरचे कान लोंबते, त्यात आपली दमट हवा आणि हा पाण्यात डुंबणारा. कानात घाण वास, तपकिरी मळ, डोकं सारखं झटकणं, यातलं काही असेल तर आधी औषध. कान ठणकत असताना मानेजवळ हात नेला की कुत्रं मागे सरतं, आणि लोक म्हणतात हट्टी आहे. पावसाळ्यानंतर गोचिडी बघा, बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीखाली. गोचीडतापात कुत्रं मरगळतं, जेवण टाकतं, हिरड्या फिक्या पडतात. तेव्हा ट्रेनिंग नाही, दवाखाना. बसताना एका कुल्ल्यावर कलून बसत असेल, धावताना मागचे दोन्ही पाय एकत्र टाकत असेल तर खुब्याचा एक्सरे काढून घ्या, या जातीत खुब्याचा त्रास असतो. अशा कुत्र्याला शंभरदा "बस" म्हणणं म्हणजे शिक्षाच.

एकत्र वर्गाला न्यायचा असेल तर रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस पूर्ण हवी. लेप्टो कोकणात पावसाळ्यात माणसांनाही होतो, ती लस टाळू नका. दिरांकडून लसीचं कार्ड मागवून घ्या.

शिकवण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर. दुपारी वाळू आणि चिरा दोन्ही तापतात. आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघायचा, सोसत नसेल तर त्याचे पायही सोसणार नाहीत.

हँडलर साहेब, एक हुकूम तुमच्या यादीत राहिला, तो मी जोडतो. "सोड." एप्रिल-मे महिन्यात आंब्याची कोय गिळलेली कुत्री माझ्याकडे येतात. कोय आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय इलाज नसतो आणि उशीर झाला तर कुत्रं जातं. होमस्टे म्हणजे पाहुणे आंबे खाणार, मुलं कोयी अंगणात टाकणार. आत्तापासून शिकवलंत तर आंब्यापर्यंत पक्कं होईल. हातातून ओढून घ्यायचं नाही, ओढलं की तो घाईने गिळतो. तोंडात सोडण असताना नाकासमोर चिकन धरा, त्याने सोडण टाकलं त्या क्षणी "सोड" म्हणा आणि चिकन द्या. मग सोडणही परत द्या. सोडलेली वस्तू परत मिळते हे कळलं की तो बिनधास्त सोडतो. पाहुण्यांच्या ताटातलं उरलेलं घालत असाल तर कांदा आणि मनुका त्यात नकोत, दोन्ही कुत्र्याला बाधतात.

आणि रात्री बाहेर अजिबात बांधू नका. बिबट्या अंगणातून कुत्रं उचलतो. बांधलेल्याला तर पळताही येत नाही. पडवी बंद होत असेल तर पडवीत, नाहीतर घरात.

---

आगरातली वहिनी, गुहागर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हँडलर काका, तुमचं उत्तर मी संध्याकाळी ओटीवर मोठ्याने वाचून दाखवलं. हे शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, दोरी मी आणतो. सासूबाईंनी थाळीचं काम लगेच पत्करलं, आणि काल दुपारीच सुरू केलं. पहिल्यांदा थाळी बऱ्याचदा वर गेली. रात्री जेवताना तो तिसऱ्या खेपेला बसला आणि भात पुढे येईपर्यंत बसून राहिला, नजर थाळीवरून हलली नाही.

डॉक्टर, उजव्या कानात तपकिरी मळ आहे आणि वासही येतो. उद्या दवाखान्यात नेते. दिरांना कार्डाचा फोटो पाठवायला सांगितलाय.

पुण्याला नाही म्हणून कळवलं. चिपळूणच्या मुलाशी बोलले, तुम्ही सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले. खाऊ वापरतो म्हणाला, मारत नाही म्हणाला. पण ओढणाऱ्या कुत्र्याला "सुरुवातीला थोडे दिवस" काटेरी कॉलर लागते, त्याने दुखत नाही, असं त्याचं म्हणणं. मुलगा बोलायला नम्र वाटला आणि इकडे दुसरा कोणी यायला तयार नाही. काय करू?

---

निवृत्त हँडलर, देवगड

दुखत नसेल तर तिचा उपयोग काय, हे त्यालाच विचारा. ओढणं थांबतं ते दुखतं म्हणूनच.

त्याला सांगा, या घरात ती कॉलर वापरायची नाही, छातीला पुढे कडी असलेला हार्नेस आम्ही आणून ठेवतो. पट्टा ताणला की जागेवर थांबायचं, सैल झाला की चालायचं, एवढ्यावर तो शिकवणार असेल तर ये. नवशिक्या ट्रेनरनी कुठेतरी बघून ती कॉलर उचललेली असते, बरेच जण सांगितल्यावर ठेवून देतात. तयार झाला तर एक महिन्याचे पैसे देऊन बघा, तीन महिन्यांचे एकदम देऊ नका. नाही म्हणाला तर तो नको. तुमच्याकडे दोरी आहे, तीन माणसं आहेत आणि आगर आहे, थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.

कान बरा होईपर्यंत "ये" म्हटल्यावर गळ्याच्या पट्ट्याला हात लावायचं थांबवा, हार्नेसला लावा. त्या बाजूने हात आला की दुखतं असं त्याच्या मनात बसायला नको. आणि शिमग्याच्या आधी महिनाभर ढोलाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याला जेवायला घालत जा, रोज थोडा मोठा. पालखी दारात येईल तेव्हा मात्र आतल्या खोलीत ठेवा, पहिल्या वर्षी त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

---

पेठकिल्ला, रत्नागिरी

वहिनी, छातीला कडी असलेला हार्नेस आमच्याकडे जादा आहे, शेफर्डच्या मापाचा, ब्रूनोला पट्टे थोडे आवळून बसेल. एसटीने पाठवून देऊ का? पत्ता निरोपात कळवा.